काट मारलेलं गाव

घरात वाटणीवरून भांडणं होतात, शिवारात बांधावरून होतात. लातूरच्या गुरुबसप्पांच्या ऑफिसात मात्र दोन शिकली-सवरली माणसं अकरा दिवस एका पट्टीवरून भांडली. पट्टी म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर वरच्या अंगाला असते ती, बोटभर उंचीची. तिच्यावर चित्रांची बटणं मांडायची की शब्दांचे मेन्यू ठेवायचे, एवढाच वाद. ऐकणाऱ्याला हसू येईल. उंबरवाडीच्या लोकांना आलं नाही.

सन दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि लोक एकमेकांना नमस्कार करायच्या आधी 'तुमच्याकडं आलं का पाणी?' असं विचारत होते. गुरुबसप्पा मूळचे आडत्याच्या घरातले. भावांनी तूर-सोयाबीन धरली, यांनी कॉम्प्युटर धरला. आडतीच्या वरच्या मजल्यावर सहा माणसांची त्यांची कंपनी होती, आणि एका तालुक्याच्या कचेरीनं त्यांना टँकरचं सॉफ्टवेअर करायला दिलं होतं. कोणत्या गावाला किती खेपा, कोणती गाडी निघाली, कोणती पोचली, सगळं पडद्यावर दिसायला हवं होतं. तालुक्याचं नाव मी सांगत नाही. सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही.

त्यात नव्या जिल्ह्याची हवा होती. आज जाहीर होणार, उद्या होणार, असं पानटपरीपासून कचेरीपर्यंत सगळे छातीठोकपणे सांगत. गुरुबसप्पांना तर जिल्हा झाल्यासारखाच दिसायचा. "नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या," ते म्हणत, "ह्या एका तालुक्यात आपलं नीट चाललं, की अख्खा जिल्हा आपला."

पडदा कसा दिसावा हे काम शिवगंगेचं. ती उदगीरची, नांदेडला इंजिनियर झालेली, सत्तावीस वर्षांची. हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. पडद्यामागचं सगळं देविदास लिहायचा. तो मुदखेडचा, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, आणि बोलायला पैसे पडतात की काय अशा बेतानं बोलणारा. पण ह्या पट्टीवरून तोही पेटला.

"मेन्यू म्हणजे कपाट," शिवगंगा म्हणाली. "रोजचं मीठ कुणी कपाटात ठेवतं का? ते ओट्यावर पाहिजे. हात घातला की मिळालं पाहिजे."

"ओट्यावर चार डबे असले तर ठीक हाय," देविदास म्हणाला. "तू चौदा मांडून ठेवलीस आन् एकावर बी नाव न्हाई. मीठ कोणतं, सोडा कोणता?"

"नाव आहे की. माउस बटणावर थांबवला की खाली उमटतं."

"कोण थांबवतंय माउस? कचेरीतली माणसं माउस इंचू धरल्यासारखा धरतात. कधी सोडीन असं होतंय त्येंना."

"मराठी शब्द त्या पट्टीत मावत नाहीत, देविदास. 'गाव यादीतून वगळा' एवढं लिहिलं तर मुंगीएवढी अक्षरं होतात. आणि चित्राला भाषा लागत नाही. उद्या देगलूरला द्यायचं झालं तर? तिथं तेलुगू बोलणारे आहेत, कानडी बोलणारे आहेत. चित्र सगळ्यांना एकच."

"त्याचंच तर भ्या वाटून राहिलंय मला. चित्र एकच, डोकी हजार."

असं अकरा दिवस चाललं. देविदासनं शब्दांचा एक पडदा करून आणला, शिवगंगेनं चित्रांचा आणला. गुरुबसप्पांनी दोन्ही पाहिले. शब्दांचा पडदा सरकारी नोटिशीसारखा दिसत होता. चित्रांचा रंगीत होता, मोबाइलसारखा. "साहेब लोकांना रंग दिसला पाहिजे," गुरुबसप्पा म्हणाले, आणि शिवगंगा जिंकली. त्या दिवशी तिनं सगळ्यांना लस्सी पाजली. देविदासनंही प्यायली.

त्या चौदा चित्रांपैकी एक तिचं विशेष लाडकं होतं. छोट्या पाटीवर दोन बारीक ओळी, आणि त्यांच्यावरून गेलेली तिरपी लाल रेघ. अर्थ असा, की ह्या गावाचा टँकर बंद झाला, गाव यादीतून कायमचं काढा. खेप पोचली की दाबायचं बटण वेगळं होतं. त्यावर हिरवी बरोबरची खूण होती. आता ह्यात कुणाची काय चूक होणार? तिला वाटलं, शेंबडं पोरही सांगेल.

सॉफ्टवेअर सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि कचेरीतून फोन आला. उंबरवाडी नावाच्या साठ उंबऱ्यांच्या वाडीला नऊ दिवस टँकर गेलाच नव्हता. दहाव्या दिवशी वाडीनं कचेरीच्या दारात घागरी आपटल्या, तेव्हा कुणीतरी यादी उघडून पाहिली. यादीत उंबरवाडी नव्हतीच. त्या नऊ दिवसांत सरजाबाई नावाची एक बाई तळाला गेलेल्या विहिरीत घागर भरायला उतरली, आणि वर येताना दगडावरून घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं.

"जा आणि बघून ये, कुणी काय दाबलंय," गुरुबसप्पा शिवगंगेला म्हणाले. "आपल्या अंगावर यायच्या आत."

कोण कधी काय दाबतं, ते सगळं सॉफ्टवेअर आत टिपून ठेवायचं. शिवगंगेनं कचेरीत बसून ती नोंद काढली. मे महिन्याची नऊ तारीख, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं: उंबरवाडी यादीतून वगळली, वापरणारा भगवानराव. रोज कॉम्प्युटरवर बसणारा, नव्यानंच कामाला लागलेला आणि हातानं नोंदवही कधी न लिहिलेला संगप्पा त्या दिवशी एका लग्नाला गेला होता. त्याच्या जागी अव्वल कारकून भगवानराव तासभर बसले, आणि दिवसातल्या शेवटच्या एकाच गाडीची नोंद त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी संगप्पा परत आला. त्याच्यासमोर यादी होती ती बावीस गावांची. आधी तेवीस होती हे त्याच्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं.

भगवानराव समोरच उभे होते. एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला सात महिने राहिलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल.

"चूक माझीच हाय मॅडम," ते म्हणाले. "मशीन कसं चुकंल?"

"पण काका, लाल बटण कसं काय दाबलंत? हिरवं होतं की शेजारी."

"हिरवं गाडी निघाली तवाच दाबलं. गाडी पोचल्यावर लाल." आणि तिला समजत नाही हे पाहून त्यांनी कपाटातून जुनी नोंदवही काढून तिच्यापुढं ठेवली. "आमचं असं असतंय बघा. गाडी निघाली की बरोबरची खूण. सरपंचाच्या सहीची पावती हातात आली की लाल शाईनं काट. काट मारली म्हंजे ते गाव उरकलं, आता डोक्याला घोर न्हाई. माझ्या आधीचे कारकून असंच करायचे, त्येंच्या आधीचे बी."

शिवगंगेनं पानं उलटली. पान भरून गावांची नावं आणि प्रत्येक नावावरून एक तिरपी लाल रेघ. दुसरं पान तसंच. तिसरं तसंच. ज्या गावाला पाणी मिळालं त्या प्रत्येक गावावर काट होती. काट नसलेलं गाव म्हणजे तहानलेलं गाव. तिचं लाडकं चित्र अशा वह्यांत एकतीस वर्षं काढलं जात होतं, आणि त्याचा अर्थ नेमका उलटा होता.

"पडद्यानं इचारलं, 'नक्की?'" भगवानराव म्हणाले. "म्या सरपंचाची सही दोनदा बघितली. मग म्हणलं, नक्की."

ते ऐकता ऐकता तिला प्रशिक्षणाचा दिवस आठवला. कचेरीचा हॉल, तीसेक माणसं, फिरूनही वारा न देणारे पंखे. मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं विचारलं होतं, "मॅडम, पावती आली की ही लाल काट मारायची न्हवं?" तिच्या कानाला फोन होता. गुरुबसप्पा देगलूरच्या भेटीची वेळ सांगत होते. तिनं मान हलवून म्हटलं होतं, "हो, हो, बरोबर." विचारणाऱ्याचा चेहरा तिला आठवत नव्हता, पण आवाज हाच होता.

भगवानराव तिच्याकडं पाहत होते. जरा जास्तच वेळ पाहत होते, असं तिला वाटलं. तिनं वही मिटली आणि नोंदीचा कागद पिशवीत घातला. "बघते काका," एवढं म्हणून ती निघाली. भित्रेपणाला माणूस नेहमी असंच काहीतरी सभ्य नाव देतो.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. का गेली, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सरजाबाई साठीची, काटक, पायाला वजन बांधून खाटेवर आडवी होती. शिवगंगेनं सांगितलं, की मी टँकरच्या कॉम्प्युटरचं काम करते. सरजाबाईनं तिला बस म्हटलं.

"मावशी, फोन नव्हता केला का कुणी कचेरीत?"

"केला की. माझ्या पुतण्यानं रोज केला. तिकडचा गडी म्हणायचा, कंपुटरवर तुमचं गाव न्हाई. आम्ही म्हणलं, आरं, हाय की बाबा, आम्ही हितूनच बोलून राहिलो. तो म्हणायचा, कंपुटरवर न्हाई." सरजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "पहिल्या दिशी लोक हसले. मग चिडले. सातव्या-आठव्या दिशी कुणी फोनच करीना. मला बी वाटाया लागलं, आपण न्हाईच की काय. मग म्या घागर घेतली."

शिवगंगेनं सोबत नेलेली मोसंबी उशापाशी ठेवली. चूक माझी होती, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच सुकलं. ती उठून बाहेर आली, आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून भर उन्हात रडली.

ऑफिसात गुरुबसप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ते काही वाईट माणूस नव्हते. पण पोटावर पाय येतो म्हटल्यावर माणसाचा चांगुलपणा जरा बाजूला उभा राहतो. त्यांनी फायलीतून एक कागद काढला. प्रशिक्षणाला हजर असलेल्यांच्या सह्या. सातव्या ओळीत भगवानरावांची सही, वळणदार, लाल नव्हे, निळ्या शाईत.

"शिकवलं होतं, त्यांनी सही केली, संपलं," गुरुबसप्पा म्हणाले. "बटण आपण गुपचूप बदलू. पण चौकशीत तू तोंड उघडू नको, शिवगंगा. सॉफ्टवेअर चुकलं असं एकदा कागदावर आलं, की नवा जिल्हा गेला, हा तालुका पण गेला. सहा घरं आहेत ह्या कंपनीवर."

"अण्णा, आणि भगवानराव?"

"सरकारी माणूस आहे. फार तर पेन्शन अडकेल वर्षभर."

"चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ही."

"संन्याशानंच बटण दाबलंय," गुरुबसप्पा म्हणाले, आणि फाइल बंद केली.

देविदास कोपऱ्यात बसून ऐकत होता. अकरा दिवस भांडलेला हा माणूस आता तरी 'मी सांगत होतो' असं म्हणेल, म्हणून ती वाट पाहत होती. म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आपण दोघं बी उंटावरून शेळ्या हाकत व्हतो," तो म्हणाला. "मी शब्द शब्द करीत बसलो, तू चित्र चित्र करीत बसलीस. त्या माणसाची वही एकदा तरी बघून यावं, हे न तुला सुचलं न मला. 'वगळा' लिव्हलं असतं तर तो वाचला असता, एवढं खरं. पण ते बी माझ्या हुशारीनं न्हाई, नशिबानं."

"मी प्रशिक्षणात हो म्हणाले होते, देविदास. त्यांनी विचारलं होतं." हे तिनं पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

देविदासनं खुर्ची तिच्याकडं वळवली. मग म्हणाला, "त्येंना ठाऊक हाय का, की ती तूच?"

"शिकवायला मी एकटीच होते. पण त्यांना आठवत असतं तर ते बोलले नसते का?"

आठवत नसेल, ह्या आशेवर तिनं आठवडा काढला. जेवण गोड लागेना. उदगीरहून आईचा फोन आला, तर ती आईवरच खेकसली. रात्री-अपरात्री नव्हे, भर दुपारी काम करता करता तिच्या डोळ्यांपुढं लाल रेघा यायच्या. शेवटी चौकशीच्या दिवशी सकाळी ती गुरुबसप्पांना न विचारता बस धरायला निघाली. स्टँडवर देविदास आधीच उभा होता. "माझा लॅपटॉप आणलाय," तो म्हणाला, "दाखवाया लागंल."

चौकशी अधिकारी एक मध्यमवयीन बाई होत्या, दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या, कामाला वाघ आणि वेळेला कंजूष. शिवगंगेनं तोंड उघडताच त्या म्हणाल्या, "तुमच्या कंपनीचा खुलासा आलाय. प्रशिक्षण दिलं होतं."

"मॅडम, एकच गोष्ट बघा," शिवगंगा म्हणाली. "मग मी जाते."

देविदासनं लॅपटॉपवर मूळचा पडदा उघडला. शिवगंगेनं खोलीतल्या तीन कारकुनांना एकेक करून बोलावलं. तिघं तीन वेगवेगळ्या विभागांचे, वयानं चाळिशीपुढचे. प्रत्येकाला तिनं तेच विचारलं. गाडी गावात पोचली, सहीची पावती तुमच्या हातात आली, आता काय दाबाल? पहिल्यानं लाल रेघेवर बोट ठेवलं. दुसऱ्यानं ठेवलं. तिसरा जरा घुटमळला, चष्मा सारखा केला, आणि त्यानंही तिथंच ठेवलं.

अधिकारीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे चित्र कुणी काढलं?"

"मी. देविदास नको म्हणत होते. मीच हट्ट धरला. आणि प्रशिक्षणात भगवानरावांनी मला हेच विचारलं होतं, की लाल काट मारायची ना? मी फोनवर होते. न ऐकताच हो म्हणाले."

भगवानराव दाराशी उभे होते. त्यांच्याकडं पाहायचं धाडस तिला झालं नाही.

अधिकारीबाईंनी छापील नमुना पुढं ओढला आणि तो वरून खालपर्यंत वाचला. "अडचण अशी आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता खरोखर थकलेला होता, "की ह्यात रकाना एकच आहे. दोषी कर्मचाऱ्याचं नाव. तुम्ही कर्मचारी नाही. सॉफ्टवेअरही कर्मचारी नाही. रकाना रिकामा ठेवला तर वरून परत येतो. आणि यांनी तर आधीच कबुली लिहून दिली आहे."

"मग मी सांगितलं त्याचं काय?"

"लिहून द्या. जोडपत्र म्हणून लावते. मी माझ्या शेऱ्यात शिक्षा सौम्य करा असं लिहीन. ह्यापलीकडं माझ्या हातात नाही."

भगवानरावांनीच तिला कोरा कागद आणि निळं पेन आणून दिलं. बाहेरच्या बाकावर बसून तिनं सगळं लिहिलं. पट्टी, चित्र, वही, प्रशिक्षण, फोन, तिचा होकार. दीड पान झालं. सही करायच्या आधी तिनं तो कागद त्यांच्या हातात दिला, कारण सरकारी कागद कसा असावा हे त्यांनाच माहीत.

त्यांनी उभ्यानंच वाचला, ओठ हलवत, ओळीवर बोट ठेवून. एका ठिकाणी थांबले.

"हितं दुरुस्ती करा मॅडम. 'दुपारी विचारलं' लिव्हलंय. दुपारी न्हाई, सकाळी. चहा यायच्या आधी. तुमच्या हातात फोन व्हता आन् तुम्ही खिडकीकडं तोंड करून उभ्या व्हता."

शिवगंगेनं पेन खाली ठेवलं.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव. मीच इचारलं व्हतं ना."

"मग कबुली कशाला लिहून दिली? माझं नाव का नाही सांगितलं?"

भगवानरावांनी कागद तिच्या मांडीवर नीट ठेवला.

"आठ दिवस थांबलो मॅडम. त्या दिशी वही दाखवली तवा बी थांबलो. मला वाटलं, तुम्ही सांगाल. परवा कबुलीची मुदत संपत व्हती, मग लिव्हून दिली."